नाही म्हणा, साहेब

जेलमध्ये मुलाखतीच्या खिडकीशी, काचेपलीकडे, गोरक्षने फोन कानाला लावला आणि आधी अंजलीचंच विचारलं. ताप उतरला का, दाढा आल्या का, फोटोकडे बघून 'बाबा' म्हणते का अजून. तेजस्विनीने सगळं सांगितलं. मग चष्म्याच्या उजव्या काचेवर त्याने तळहात धरला आणि नुसत्या डाव्या डोळ्याने तिच्याकडे बघत राहिला.

"काय करताय?"

"तुझी हनुवटी दिसत नाही मला."

तिला वाटलं, थट्टा करतोय. लग्न ठरलं तेव्हाही तो असंच काहीबाही बोलून तिला हसवायचा.

"डाव्या डोळ्यात खालून काळं चढतंय," तो म्हणाला. "नदीला पाणी चढतं ना, तसं. परवा गळ्यापर्यंत होतं. आज हनुवटी गेली. ओठ दिसताहेत अजून."

गोरक्षला लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा, उणे नऊचा नंबर. तेजस्विनी मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी झालेली, त्यावर लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेली. नाशिक रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायची. डोळ्यांतलं तिला फारसं कळत नव्हतं. पण घाबरायचं कशाला आणि कशाला नाही, एवढं कळत होतं.

"विजा चमकल्यासारखं होतं का? माश्या उडताना दिसतात?"

"माश्या कधीच्याच आहेत."

"कधीच्या म्हणजे?"

तेवढ्यात पलीकडून शिपायाने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि फोनमधला आवाज बंद झाला.

गोरक्ष कुशारे कच्चा कैदी होता. चौदा महिने आत. निफाडकडच्या एका खाजगी सेवा केंद्रात तो दाखले काढून द्यायचं काम करायचा. उत्पन्नाचे, जातीचे, रहिवासाचे. सदतीस दाखले खोटे निघाले. केंद्राचा मालक जामिनावर सुटला, पण संगणकावरचं लॉगिन गोरक्षचं होतं, म्हणून याचा जामीन दोनदा फेटाळला गेला. त्याने ते दाखले केले की नाही, हे तेजस्विनीने त्याला कधी विचारलं नव्हतं. काचेपलीकडच्या माणसाला तसलं काही विचारता येत नाही, असं ती स्वतःला सांगायची. खरं कारण ते नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं.

मुलाखत सोमवारी झाली. बुधवारी जेलच्या डॉक्टरांनी त्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं: डाव्या डोळ्याचा पडदा सुटतो आहे, स्पष्ट दिसण्याचा मधला भाग अजून जागेवर आहे, शस्त्रक्रिया तातडीने हवी, ती सोय इथे नाही. 'तातडीने' या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या. तेजस्विनीने त्या रेघा मोबाईलमध्ये मोठ्या करून चार-पाच वेळा पाहिल्या.

शहरातल्या खाजगी डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं, तर कोर्टाचा हुकूम हवा आणि सोबत पोलीस हवेत. गुरुवारी सकाळी वकिलांनी अर्ज दिला. वकील अबरार सय्यद. पन्नाशीचे, मेहेर सिग्नलजवळच्या एका जिन्याखाली ऑफिस, तोंडात कायम बडीशेप. मराठी इतकं सफाईदार बोलायचे, की तेजस्विनीची सासू लंकाबाई त्यांना पहिल्या दिवशी "कुंच्या गावचे पाटील तुमी?" म्हणून बसली होती.

मॅजिस्ट्रेट साहेब मवाळ माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत, कडेवर मूल असलेली बाई दिसली की बाकाकडे हात करायचे. त्यांनी अर्ज वाचला, मान हलवली आणि कोपऱ्यात लिहिलं: 'जेल अधीक्षक व सरकारी वकील यांचा से घ्यावा.' से म्हणजे समोरच्याचं लेखी म्हणणं. तो आल्याशिवाय कोर्टात पान हलत नाही. अर्ज तातडीचा म्हणून तारीख दुसऱ्याच दिवसाची, शुक्रवारची दिली.

शुक्रवारी अबरार वकील मालेगावला अडकले होते. त्यांची ज्युनिअर रोशनी आली होती. नवीन कोट, वकिलीची नवीन सनद, बोलताना फाईल छातीशी धरायची सवय. जेलचा से आला नव्हता. सरकारी वकील वरच्या मजल्यावर दुसऱ्या कामात होते. साहेबांसमोर बसणारा क्लार्क रोशनीला हळूच म्हणाला, "मॅडम, त्यांनी वेळ मागितला तर पंधरा दिवसांच्या आत तारीख मिळायची नाही, बोर्ड भरलाय. तुम्हीच मुदतीचा अर्ज द्या. आरोपीच्या विनंतीवरून म्हटलं की मंगळवार टाकतो."

ही इथली जुनी रीत. चूक कुणाची का असेना, ज्याला लवकरची तारीख हवी त्याने ती आपल्या नावावर मागायची. रोजच्या रोज तशा दहा-बारा तारखा पडतात आणि कुणाचं काही बिघडत नाही.

रोशनी घुटमळली. "सरांना फोन लावू का, ताई?"

तेजस्विनीने फोन लावला तर तो बंद. घरून लंकाबाईचे तीन मिस्ड कॉल आलेले. अंजलीला पुन्हा ताप चढला असणार, हे तिने ओळखलंच. पंधरा दिवस की चार दिवस, याला काय विचार करायचा होता?

"द्या ना आपल्याच नावाने," ती म्हणाली. "मंगळवार मिळतोय ना? मग झालं तर."

रोशनीने दोन ओळींचा अर्ज लिहिला. साहेबांनी सही केली. तेजस्विनी रिक्षा शोधत धावली.

सोमवारच्या मुलाखतीला तिने मुद्दाम मोठी, लाल टिकली लावली होती. गोरक्षने उजवी काच झाकली.

"कपाळ दिसतंय," तो म्हणाला. "वरवरचं."

"आणि टिकली?"

त्याने थोडा वेळ लावला. मान खाली करून, वर करून बघितलं.

"लावलीयस का?"

ती हसली. हसू आलं ते कसं आलं, तिलाच माहीत नाही. त्याला ते दिसलं नाही हे बरं झालं, असं मनात आलं आणि मग त्या विचाराचीच तिला भीती वाटली.

मंगळवारीही से आला नाही. आता सरकारी वकील हजर होते आणि त्यांनी जेलकडून अहवाल मागवल्याचं सांगितलं. साहेब तेजस्विनीकडे बघून म्हणाले, "अर्ज मी फेटाळत नाही हं, काळजी करू नका. शेवटची संधी देतो." तारीख पुढच्या सोमवारची. "काळजी करू नका" हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. म्हणून तर तिला काही बोलता आलं नाही.

अबरार वकिलांनी मात्र त्याच दुपारी ठरवलं, वर जायचं. मॅजिस्ट्रेटच्या वर सेशन्स कोर्ट. बुधवारी रिव्हिजन, म्हणजे खालचा हुकूम तपासून बघण्याची विनंती, दाखल झाली, गुरुवारी सुनावणीला लागली. सेशन्सच्या जज बाई होत्या. केस पांढरे, फाईल वाचताना पेन बोटांत उलटं धरायच्या.

"वकीलसाहेब, यात हुकूम कुठाय?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, अर्ज तातडीचा आहे. पुढे ढकलत राहणं म्हणजे नकारच झाला."

"मंगळवारचं कळलं. त्याआधीचा रोजनामा वाचा. मोठ्याने."

कोर्टात रोज काय घडलं, ते रोजनाम्यात एका ओळीत लिहिलेलं असतं. अबरार वकिलांनी ती ओळ मनात वाचली. मग तोंडातली बडीशेप चावणं थांबलं.

"आरोपीच्या विनंतीवरून मुदत मंजूर," त्यांनी वाचलं.

"म्हणजे मुदत मागणारे तुम्ही. खालच्या कोर्टाने हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. काम चालू असतानाचे असे मधले हुकूम रिव्हिजनमध्ये माझ्यापुढे येऊ शकत नाहीत. कायद्यानेच ते दार बंद केलंय, मी केलेलं नाही." त्यांनी फाईलवरून मान वर केली. "घरचं कुणी आलंय?"

तेजस्विनी उभी राहिली.

"बाई, केसपेपर मी वाचलाय. त्यातल्या दोन रेघाही पाहिल्या. पण खालच्यांनी जे लिहिलेलंच नाही, ते मी इथे बसून खोडू कसं?"

अबरार वकिलांनी रिव्हिजन मागे घेतली. फेटाळून घेण्यापेक्षा ते बरं, एवढंच.

बाहेर व्हरांड्यात रोशनीचा चेहरा पडला होता. "सर, माझ्यामुळे झालं. तो मुदतीचा अर्ज—"

"मी सांगितलं होतं तिला," तेजस्विनी म्हणाली.

अबरार वकिलांनी दोघींकडे बघितलं. "मी असतो तरी तेच केलं असतं," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं हेच करतोय मी. चार दिवसांची तारीख मिळते म्हटल्यावर कोण सोडतं?" ते खरं बोलत होते. त्याने तिच्या मनाला काडीचाही आराम पडला नाही.

त्या रात्री अंजलीचा ताप उतरला. तेजस्विनीने तिचा एक डोळा हळूच झाकून बघितला, मग दुसरा. पोरगी खुदकन हसली, तिला खेळ वाटला. बापाचे डोळे लेकीला येतात का, हे तेजस्विनीने तोवर तीन ठिकाणी वाचून काढलं होतं.

शुक्रवारी सकाळी लॅबमध्ये एका म्हातारबाबांच्या रक्ताची जांभळ्या टोपणाची ट्यूब आली. त्या ट्यूबमधलं रक्त गोठून चालत नाही, आणि तिच्यात गुठळी झाली होती. नवीन लागलेली अटेंडंट मुलगी म्हणाली, "आजोबा निफाडहून आलेत, मॅडम. नाही कसं म्हणायचं? राहू द्या ना पेंडिंग, संध्याकाळी बघू."

"संध्याकाळी गुठळीचं पाणी होणारे का?" तेजस्विनी म्हणाली. "पेंडिंग ठेवलं तर आजोबा दिवसभर बाकावर बसतील. रिजेक्टेड लिही, कारण लिही. आत्ता लिहिलंस तर आत्ता दुसरं रक्त घेता येईल."

मुलीने रजिस्टर ओढलं. तेजस्विनी हातातले ग्लोव्हज काढता काढता थांबली. आपणच बोललेलं तिला पुन्हा एकदा ऐकू आलं. तिने लॅबच्या डॉक्टरांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि रिक्षातूनच अबरार वकिलांना फोन लावला.

"सर, आज साहेबांपुढे काम घेता येईल का? सोमवारची वाट न बघता?"

"येईल. तातडी दाखवून विनंती करता येईल. पण से नाही, ते हुकूम करायचे नाहीत."

"हुकूम नको. नकार हवा."

पलीकडे काही क्षण नुसती मेहेर सिग्नलची हॉर्नबाजी ऐकू आली.

"ताई, नकार मागायला कुणी कोर्टात जातं का?"

"मॅडम काय म्हणाल्या काल? न लिहिलेलं खोडता येत नाही. मग लिहू द्या ना त्यांना. नाही म्हणून लिहिलं की उपचाराचा प्रश्न त्यांच्यापुरता मिटला. मग तो मधला हुकूम राहील का?"

"तसा वाद घालता येईल," ते सावकाश म्हणाले. "हक्काचा निकाल लागला, म्हणून तो नुसता मधला हुकूम नाही. वरच्या कोर्टांनी तसं मानलेलं आहे. पण ऐका. आज तुमच्या हातात काहीतरी आहे, साहेब सहानुभूतीत आहेत. एकदा नामंजूर झालं आणि वर मॅडमनी उचललं नाही, तर मुंबईला, हायकोर्टात जावं लागेल. तोवर महिना जाईल. हातातलं जाईल, ताई."

"हातात काय आहे, सर? सोमवारची तारीख?"

फोनवर बडीशेप चावल्याचा आवाज आला.

"डोळा माझ्या नवऱ्याचा आहे. त्यांना विचारायला वेळ नाही. मी सांगते, मागा."

कोर्टात ती पोहोचली तेव्हा लंकाबाई अंजलीला घेऊन आधीच येऊन बसली होती. तेजस्विनीने तिला दोन वाक्यांत सांगितलं.

"नाय मागायचं?" लंकाबाई म्हणाली. "आगं, देवाम्होरं गेलं तरी मानूस व्हय मागतं. तू लय शिकली म्हनून काय बी करशील व्हय?"

"आई, माझ्यावर सोडा."

"सोडलंच हाय की. चौदा महिने तुझ्यावरच सोडलंय." टोमणा होता की कबुली, कळायला मार्ग नव्हता. म्हातारीने अंजलीला पदराखाली घेतलं आणि तोंड फिरवलं.

नावं पुकारणारा पट्टेवाला पुंजाराम दाराशी उभा होता. रोशनीने त्याला काम मध्येच पुकारायचं कारण सांगितलं, तेव्हा त्याने कान खाजवला. "सतरा वर्षं झाली दाराशी उभं राहून. नकार मागणारं गिऱ्हाईक पहिलंच हं, मॅडम."

दोन वाजून गेल्यावर काम निघालं. अबरार वकील उभे राहिले, चार वाक्यं बोलले. जेलचा से अजून आलेला नाही; आणखी थांबणं शक्य नाही; अर्जावर आजच निर्णय व्हावा, मग तो कोणताही असो.

साहेबांना ते लागलं. "कोणताही असो म्हणजे? वकीलसाहेब, मी नाही म्हणतोय का? अहो, से आला की करून टाकू आपण. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

अबरार वकिलांनी बाजूला सरून तेजस्विनीकडे बघितलं. "पत्नी हजर आहेत. त्यांना दोन शब्द बोलायचेत. परवानगी असावी."

तिने कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मिळवली होती. आता ठरवलेलं पहिलं वाक्यच आठवेना. साहेबांनी सवयीने बाकाकडे हात केला. ती उभीच राहिली.

"साहेब, मागच्या सोमवारी त्यांना माझी हनुवटी दिसत नव्हती. या सोमवारी कपाळ सोडून काही दिसत नव्हतं," ती म्हणाली. "येत्या सोमवारी मी मुलाखतीला जाईन, तेव्हा तो डोळा काय दाखवेल, मला माहीत आहे. तुमचं काम सोमवारी आहे तसंच मिळेल, साहेब. फाईल कुठे जात नाही."

कोर्टात टायपिंगचा आवाज थांबला होता.

"तुम्ही चांगले आहात. दोन्ही वेळा तुम्ही मला बसायला सांगितलंत. पण तुम्ही नाही म्हणत नाही, म्हणून मला वर जाता येत नाही. हो म्हणता येत असेल तर हो म्हणा. नसेल, तर नाही म्हणा, साहेब. पण लिहून द्या."

सरकारी वकील उठायला लागले होते, ते परत खाली बसले. साहेबांनी अर्ज ओढून घेतला. पुढचं पान, मागचं पान, केसपेपर. एकदा ते क्लार्ककडे वळले, "से खरंच नाही?" क्लार्कने मान हलवली. त्यांचा चेहरा बदलला होता. रागावलेला नव्हता, कुणी आपल्या घराचा उंबरा ओलांडून आत डोकावल्यावर होतो तसा झाला होता. तो माणूस से नसताना हो लिहिणार नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी ते कधी केलं नसावं.

त्यांनी स्टेनोला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात इंग्रजीत हुकूम सांगितला. जेल प्रशासनाचं म्हणणं उपलब्ध नाही. सरकारी दवाखान्यांतून उपचार मिळू शकतात. खाजगी दवाखान्यात पाठवण्यास पुरेसं कारण दिसत नाही. शेवटचा शब्द त्यांनी मराठीत उच्चारला. "नामंजूर." सही करून पेन मिटलं, आणि मग पहिल्यांदाच तेजस्विनीकडे न बघता पुढची फाईल मागितली.

मागच्या बाकावर लंकाबाईने तो एकच शब्द ऐकला. ती ओरडली. "मेलं माझं पोरगं! आगं तेजे, काय केलंस तू हे?" अंजली आजीचा आवाज ऐकून रडायला लागली. पुंजारामने दोघींना हाताला धरून बाहेर आणलं.

"आई, मिळालं," तेजस्विनी सांगत होती. "आई, ऐका, जे हवं होतं ते मिळालं."

"नाय म्हनले की गं ते!"

"होय. तेच."

म्हातारी तिच्याकडे वेड लागलेल्या बाईकडे बघावं तशी बघत राहिली. समजावत बसायला वेळ नव्हता. कार्यालय बंद व्हायच्या आत हुकुमाची नक्कल मिळवायची होती. कोर्टाच्या शिक्क्याशिवाय वर त्या कागदाला कोणी विचारणार नव्हतं. रोशनी कोट सांभाळत जिन्यावरून धावली. तेजस्विनी नक्कल विभागाच्या खिडकीशी उभी राहिली, आणि आतली बाई शिक्का मारायला जरा थांबली, तरी हिची नजर घड्याळाकडे जायची. सव्वापाचला कागद हातात आला. तोवर लंकाबाईचं रडून झालं होतं. तिने अंजलीला बिस्कीट भरवलं, उरलेलं अर्धं तेजस्विनीच्या तोंडासमोर धरलं.

"खा. सकाळपास्नं काय नाय पोटात तुझ्या."

सोमवारी सकाळी रिव्हिजन पुन्हा दाखल झाली आणि सेशन्सच्या जज बाईंनी पेन उलटं धरून तो हुकूम वाचला. सरकारी वकिलांनी पुन्हा तोच मुद्दा मांडला, की हाही मधलाच हुकूम. अबरार वकिलांनी पाऊण तास वाद घातला. मूळ खटला चालू राहील, पण उपचाराच्या प्रश्नावर खालच्या कोर्टात आता काही शिल्लक नाही, असं ते तीनदा तीन तऱ्हांनी म्हणाले. जज बाईंनी ऐकून घेतलं आणि लिहायला घेतलं. रिव्हिजन चालण्यास पात्र. खालचा हुकूम रद्द. आरोपीला चोवीस तासांच्या आत, पोलीस बंदोबस्तात, त्याच्या खर्चाने दवाखान्यात न्यावं.

त्या दिवशीची मुलाखत चुकली. तेजस्विनीला वाटलं, बरंच झालं.

मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई तिला बाहेर भेटल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीच्या नाडीचा वळ होता.

"पडदा बसवलाय. पण मधला भाग आधीच सुटलेला होता, त्यालाही आठ-दहा दिवस झालेले असावेत. डाव्या डोळ्याने उजेड कळेल. समोर हात हलला तर कळेल. वाचता येईल, असं मी सांगणार नाही." त्या पुढे म्हणाल्या, "उजवा डोळा तपासला, ते बरं झालं. त्यातही दोन ठिकाणी पडदा विरून भोकं पडली होती. लेझरने बंद केलीत. तो वाचेल. अजून थोडे दिवस गेले असते, तर त्याचंही खरं नव्हतं."

"दहा-अकरा दिवस आधी आणलं असतं तर? डावा?"

डॉक्टरीण बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "आधी-नंतरचा हिशेब मी नातेवाइकांना देत नाही," त्या म्हणाल्या.

वॉर्डात गोरक्षला पालथं निजवलं होतं. काही दिवस तसंच निजायचं होतं. दाराशी हवालदार खुर्ची टाकून बसला होता, निवृत्तीला आलेला माणूस, मोबाईलवर कीर्तन लावून आवाज बारीक केलेला. चौदा महिन्यांनंतर मध्ये काच नव्हती. तेजस्विनी जमिनीवर बसली, म्हणजे तिचं तोंड त्याच्या उजव्या डोळ्याच्या पातळीला आलं. काय सांगायचं ते तिने जिन्यात तीनदा ठरवलं होतं.

"ती मधली तारीख मी घेतली. शुक्रवारची मंगळवार केली ती. वकिलांनी नाही, मी. लवकर मिळते म्हणून आपल्या नावावर मागितली. मधला भाग त्याच दिवसांत गेला."

उशीत दाबलेल्या गालामुळे त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"ऐकलंत का?"

"ऐकलं." मग तो म्हणाला, "माश्या दिवाळीपासून दिसत होत्या. मी कुणाला सांगितलं नाही. वाटलं, आधीच एवढं चाललंय तुझं."

तिला वाटलं होतं, तो एकतर रागावेल किंवा असू दे म्हणेल. त्याने दोन्हीपैकी काही केलं नाही, आणि तिने मागितलंही नाही.

नर्सने कागद आणून दिला. सात दिवसांनी पुन्हा तपासणी. हवालदाराने चष्मा लावून तो वाचला. "याला परत हुकूम लागेल हं, ताई. आमच्या मनाने नाही आणता यायचं. आजचा हुकूम आजच्यापुरता."

"सात दिवस म्हणजे मंगळवार," ती म्हणाली. "कागद आहे का कोरा?"

हवालदाराने डायरीतलं पान फाडून दिलं. तिने ते गुडघ्यावर ठेवलं आणि लिहायला लागली. पेनाचा आवाज ऐकून गोरक्षने मान जराशी वळवली.

"काय लिहितेस?"

"पुढच्या तपासणीचा अर्ज. उद्या अकराच्या आत देते. हो किंवा नाही, आजच्या आज लिहून द्या, अशी विनंती त्यातच टाकते."

"वाच."

तिने वाचलं. त्याने सवयीने लक्ष देऊन ऐकलं. आयुष्यात दुसऱ्यांचे हजारो अर्ज त्याने भरले होते.

"केस नंबर कुठाय?"

"टाकते नंतर."

"नंतर नाही. आधी टाक, वर उजव्या कोपऱ्यात. नंबर नसला तर क्लार्क हात लावत नाही कागदाला." त्याने डोळा मिटला आणि सांगायला लागला, "आर. सी. सी., चारशे एकोणीस..."

तिने कोपऱ्यात जागा केली आणि आकडा लिहून घेतला.